तीनशेवर उघडे इश्यू आणि मेंटेनर एकटा: बग रिपोर्ट सांभाळायचे कसे, माणसं जोडायची कशी?

निळी_शाई

नमस्कार मंडळी.

फोटो लावून ठेवणारं एक छोटं कमांड लाइन साधन मी सांभाळतो. कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेली तारीख वाचायची, त्यावरून फाइलला नाव द्यायचं, वर्ष-महिन्याच्या फोल्डरमध्ये ती हलवायची आणि एकच फोटो दोनदा आला असेल तर बाजूला काढायचा, एवढंच त्याचं काम. स्वतःच्या फोटोंसाठी लिहिलं होतं. कुणालाही वापरू आणि बदलू देणारं एमआयटी लायसन्स लावून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ठेवलं आणि हळूहळू अनोळखी लोक वापरायला लागले. त्यात व्यावसायिक फोटोग्राफर आहेत, घरातले जुने स्कॅन लावत बसलेले लोकही आहेत. कुणीतरी आपलं साधन रोज वापरतं याचा मला फार आनंद आहे, म्हणूनच हा प्रश्न विचारतोय.

उघडे इश्यू, म्हणजे तिथे लोकांनी नोंदवलेल्या आणि अजून न मिटलेल्या तक्रारी-मागण्या, आता तीनशेच्या वर गेलेत. त्यात बरेचसे एका ओळीचे असतात: ‘चालत नाही’, ‘विंडोजवर अडकतं’. सगळ्यात मोठा ढीग मात्र ‘तारीख चुकते’ या तक्रारीचा आहे. प्रत्येक जण आपल्या शब्दांत तेच लिहितो, मी एकाला उत्तर देतो, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा तेच घेऊन येतो. उरलेल्या मागण्या आहेत: चेहरे ओळखा, क्लाउडवर चढवा, खिडकीवाला इंटरफेस द्या. नोकरी सांभाळून संध्याकाळी जो वेळ मिळतो तो सगळा वाचण्यात आणि उत्तरं देण्यात जातो, कोडला हात लागत नाही.

मदतीचं म्हणाल तर ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्याला जमेल असं काम) हे लेबल बऱ्याच इश्यूंना लावून पाहिलं. लगेच दोघे-तिघे येतात, ‘मला असाइन करा’ म्हणतात आणि नंतर दिसत नाहीत. पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशा विनंत्या, येतात त्या एक तर रीडमी या माहितीच्या फाइलमधल्या स्पेलिंगच्या असतात, नाहीतर कुणीतरी न विचारता अर्ध्या फाइली नव्याने लिहून पाठवतं. माझं साधन लोकांच्या फाइली हलवतं. एखादा पॅच (कोडमधला बदल) चुकीचा मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला गेला, तर कुणाचे तरी फोटो कायमचे जातील. त्यामुळे रिव्ह्यू मी सावकाश करतो, आणि तोवर पाठवणारा निघून जातो.

जुने इश्यू आपोआप बंद करणारा बॉट लावू का? टेम्प्लेट सक्तीचा करू का? आणि एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा यावा यासाठी तुम्ही नेमकं काय करता? केलेलं सांगा, ऐकलेलं नको.

---

उंबरठा

मी कोड फारसा लिहीत नाही. एका मोठ्या डेस्कटॉप प्रकल्पात आलेले बग रिपोर्ट वाचणं, स्वतःच्या मशीनवर करून पाहणं आणि लावून ठेवणं, हेच काम मी बरीच वर्षं करते. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने आहे.

बग रिपोर्ट आवरायचे कसे आणि माणसं आणायची कुठून, असे दोन प्रश्न तुम्ही मांडलेत. माझ्या अनुभवात तो एकच प्रश्न आहे. आमच्याकडे जी माणसं टिकली, त्यातली बहुतेक आधी बग कळवायला आली होती. लेबल बघून आलेला माणूस काम शोधत असतो, ते कुठलंही असलं तरी त्याला चालतं. बग कळवणाऱ्याला तुमचंच साधन नीट चालायला हवं असतं. त्याच्याकडे ती फाइल आहे, तो कॅमेरा आहे, आणि दुरुस्ती झाली की नाही हे तपासायला तो नक्की परत येणार आहे. तुमचे पुढचे सहकारी त्या तीनशे इश्यूंमध्ये आधीच बसलेत.

म्हणून सुरुवात इश्यू बंद करण्यापासून करू नका. गेल्या वर्षभरातले इश्यू चाळा आणि एकच गोष्ट बघा: तुम्ही प्रश्न विचारल्यावर कोण परत आलं? कुणी फाइल जोडली, कुणी जुन्या व्हर्जनवर करून पाहिलं, कुणी दुसऱ्याच्या इश्यूखाली ‘माझ्याकडेही असंच होतं, पण फक्त व्हिडिओत’ असं लिहिलं? ही नावं वेगळी लिहून ठेवा. थोडीच निघतील. त्यांचं पुढे बोलते.

आधी ‘तारीख चुकते’चा ढीग. तुमचं साधन मी वापरलेलं नाही, पण फोटोंच्या वेळेच्या तक्रारी आमच्याकडेही येतात, आणि हा एक बग असण्याची शक्यता फार कमी आहे. एक्झिफमधली, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये लिहितो त्या माहितीतली, मूळ तारीख-वेळ टाइमझोनशिवाय लिहिली जाते. टाइमझोनचं अंतर लिहायचा टॅग एक्झिफच्या २.३१ या आवृत्तीत, म्हणजे २०१६ साली आला. त्याआधीच्या फाइलींत तो असणारच नाही, आणि नंतरच्याही सगळ्यांत नसतो. एमपी४ व्हिडिओचं वेगळंच आहे. तिथली वेळ १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत आणि यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहावी असा नियम आहे, पण कित्येक कॅमेरे तिथे सरळ स्थानिक वेळ लिहून मोकळे होतात. मेसेजिंग ॲपमधून आलेल्या फोटोत बहुतेकदा एक्झिफ उरतच नाही, मग साधन फाइल सिस्टिमची (डिस्कवर फाइली ठेवणाऱ्या व्यवस्थेची) तारीख उचलतं. आणि मेमरी कार्ड फॅट या फाइल सिस्टिमने फॉरमॅट केलेलं असेल, तर फाइल बदलल्याची वेळ स्थानिक असते आणि दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जाते. वापरणाऱ्याला या चारही ठिकाणी एकच दिसतं: तारीख चुकली. त्याने वेगळं काय लिहावं?

वेगळं करण्याचं काम आपलं. त्यासाठी तुमच्या साधनातच एक छोटी निदानाची कमांड घाला. ती चालवली की साधनाचं व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम, फाइल सिस्टिमचा प्रकार, त्या फाइलमधले वेळेचे सगळे टॅग आणि त्यांतला कुठला साधनाने निवडला, एवढं छापून द्यायचं. जीपीएसचे आकडे आणि कॅमेऱ्याचा सीरियल नंबर मात्र त्यातून गाळाच. लोक मदतीच्या भावनेने मूळ फोटो इश्यूला जोडतात आणि आपल्या घराचं ठिकाण सगळ्या जगाला दाखवतात. ती काळजी आपण घ्यायची, त्यांनी नाही. ही कमांड आली की एका ओळीच्या रिपोर्टला उत्तरही एका ओळीचं पुरतं: ‘ही कमांड चालवून आलेलं इथे चिकटवा.’ जो चिकटवतो त्याचा बग अर्ध्याहून जास्त सुटलेला असतो.

मग प्रत्येक कारणाचा एक मुख्य इश्यू करा आणि बाकीचे त्याला जोडून डुप्लिकेट म्हणून बंद करा. मथळे बिनधास्त बदला. ‘तारीख चुकते!!’ याचं ‘एमपी४: यूटीसी वेळ स्थानिक समजून वाचली जाते’ असं झालं की पुढचा माणूस शोधताना तिथे पोचतो. डुप्लिकेट बंद करताना एक वाक्य लिहा: तुमच्या रिपोर्टमुळे हे या कॅमेऱ्यावरही होतं हे कळलं. खरं असेल तेवढंच लिहा. डुप्लिकेट म्हणजे कचरा नाही, एखादा बग किती जणांना छळतोय याचा तो सगळ्यात प्रामाणिक आकडा आहे. बगझिला हे बग नोंदवायचं साधन मोझिलासाठी १९९८ मध्ये तयार झालं. त्यात कुठल्या बगला सर्वात जास्त डुप्लिकेट आहेत याची यादी काढायची सोय आहे, आणि ती मला आजही उपयोगी वाटते.

लेबलांची चैन करू नका. डेबियन या लिनक्स वितरणाच्या बग ट्रॅकरमध्ये गंभीरतेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, आणि वरच्या तीन पायऱ्यांचे बग असले की ते पॅकेज स्थिर आवृत्तीत जायला अडतं. डेटा नष्ट होणं हे त्यातल्या सगळ्यात वरच्या दोन पायऱ्यांच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. तुमच्यासाठीही पहिलं लेबल तेच: ‘फाइल जाते’. ते लागलं की बाकी सगळं थांबेल. नीट लावलेली चार-पाच लेबलं पुष्कळ झाली. आणि गंभीरता व प्राधान्य यांची गल्लत होऊ देऊ नका. वापरणाऱ्याचं किती नुकसान होतं ही गंभीरता, ती तोच सांगू शकतो. आधी काय हातात घ्यायचं हे प्राधान्य, ते तुम्ही ठरवायचं. हा फरक इश्यूत उघड लिहिला की ‘माझा बग तुम्हाला किरकोळ वाटतो का’ हे भांडण होत नाही.

आता ती नावं. त्यांना ‘योगदान द्या’ असं मोघम सांगू नका. ज्याने बग नीट कळवला त्याच्याकडे एकच ठरावीक गोष्ट मागा: त्या बगची नमुना फाइल. चित्र काढून टाकलेली, वेळेचे टॅग तसेच ठेवलेली, काही किलोबाइटची. ती टेस्टच्या फोल्डरमध्ये त्याच्याच नावाने कमिट होऊ द्या (कोडच्या इतिहासात नोंदली जाऊ द्या), सोबत आज नापास होणारी एक टेस्ट. टेस्ट लिहिता येत नसेल तर ती तुम्ही लिहा, पण फाइलची पुल रिक्वेस्ट त्याची असू द्या. अशा पहिल्या पुल रिक्वेस्टचा रिव्ह्यू करायला पाच मिनिटं लागतात, कुणाचे फोटो धोक्यात येत नाहीत, आणि तो माणूस फोर्क (कोडची स्वतःची प्रत), ब्रांच (बदलांची वेगळी शाखा), सीआय (आपोआप चालणाऱ्या टेस्ट) या सगळ्यातून एकदा जाऊन येतो. दुसऱ्या वेळी त्याला फक्त बगचा विचार करावा लागतो.

‘गुड फर्स्ट इश्यू’ लेबलाबद्दल थोडंसं. लेबल लावलं म्हणून इश्यू सोपा होत नाही. कुठल्या फाइलमधलं कुठलं फंक्शन, काय बदललं की झालं समजायचं, कुठली टेस्ट चालवायची आणि अडलं तर कोण उत्तर देणार, हे त्या इश्यूतच लिहिलेलं हवं. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात सोप्या इश्यूंसाठी एक लेबल आहे आणि मार्गदर्शक हजर असलेल्या इश्यूंसाठी दुसरं, आणि हा फरक मला फार मोलाचा वाटतो. तुम्ही एकटे आहात, म्हणजे एका वेळी असे दोनच इश्यू उघडे ठेवा. असाइन कुणालाच करू नका. ‘काम सुरू करा, अर्धवट असलं तरी ड्राफ्ट पुल रिक्वेस्ट उघडा, ती दिसली की हा इश्यू तुमचा’ असं लिहून टाका.

आणि रिव्ह्यू सावकाश झाला तरी चालेल, पहिलं उत्तर सावकाश नको. ‘पाहिलं, हे फाइल हलवण्याच्या भागात जातं म्हणून मला शनिवारपर्यंत वेळ हवा’ एवढं त्याच दिवशी लिहिता आलं तर माणूस थांबतो. गप्प बसलेल्या प्रकल्पासाठी कुणी थांबत नाही.

---

साधी_वापरकर्ती

मला फक्त बॉटबद्दल बोलायचं आहे, कारण मी त्याच्या पलीकडच्या बाजूला होते.

रोज वापरते त्या एका प्रोग्रॅममध्ये मला बग सापडला. अख्खी संध्याकाळ बसून मी तो पुन्हा पुन्हा घडवून आणला, पायऱ्या लिहिल्या, स्क्रीनशॉट जोडले, लॉग दिला. प्रकल्पातल्या कुणीही एक अक्षर लिहिलं नाही. दोन महिन्यांनी बॉट म्हणाला की इथे हालचाल नाही, आणि त्यानंतरच्या आठवड्यात इश्यू बंद झाला. बग आजही आहे. मी तिथे पुन्हा काही लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. हालचाल माझ्याकडून व्हायची नव्हती, माझ्याकडून तर सगळं झालं होतं.

नंतर मी शोधून पाहिलं. गिटहबवर जो नेहमीचा ‘स्टेल’ बॉट लावतात त्याची मूळ सेटिंगच ६० दिवसांनी शिक्का आणि ७ दिवसांनी बंद अशी आहे. बहुतेक जण ती बदलतही नसतील. पण त्याच बॉटला ठरावीक लेबल असलेल्या इश्यूंपुरतंच काम करायला सांगता येतं. तुम्ही माहिती विचारली, ‘माहिती हवी’ असं लेबल लावलं आणि समोरच्याने उत्तरच दिलं नाही, तर बॉटने बंद केलेलं मला योग्य वाटेल. चेंडू माझ्याकडे होता, मी खेळले नाही. पण ज्या इश्यूवर तुम्हीच अजून काही बोलला नाहीत, त्याला बॉटने हात लावू नये.

टेम्प्लेटचंही तेच. गिटहबच्या इश्यू फॉर्ममध्ये सक्तीचे रकाने ठेवता येतात. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि वर उंबरठा यांनी सांगितलेल्या कमांडचा निकाल, एवढे चार सक्तीचे ठेवा. याहून जास्त विचारलं की लोक सगळीकडे ‘लागू नाही’ लिहून पुढे जातात. ‘काय व्हायला हवं होतं’ हा रकाना मात्र काढू नका. बरेचदा बग नसतोच, वापरणाऱ्याची अपेक्षा वेगळी असते, आणि ते तिथेच कळतं.

---

मधली_सुट्टी

एक लायब्ररी सांभाळतो, आम्ही तिघे मेंटेनर आहोत. उंबरठा यांच्याशी सहमत आहे. दोन गोष्टी जोडतो, दोन्ही विश्वासाच्या.

पहिली: येणारा प्रत्येक रिपोर्ट माणसाने लिहिलेला असेल असं आता धरता येत नाही. भाषा मॉडेलकडून लिहून घेतलेले रिपोर्ट लांबलचक, व्यवस्थित आणि अतिशय आत्मविश्वासाने लिहिलेले असतात, आणि त्यात नाव घेतलेलं फंक्शन कोडमध्ये नसतंच. कर्ल या फाइली उतरवायच्या साधनाच्या मेंटेनरांनी अशा खोट्या सुरक्षा अहवालांत किती वेळ जातो याबद्दल उघडपणे लिहिलेलं आहे. साधनाने मदत घेतली म्हणून मी कुणाला हाकलत नाही. इंग्रजी नीट येत नसलेला माणूस त्याच्या मदतीनेच लिहीत असेल. मी एवढंच मागतो की बग तुमच्या मशीनवर घडलेला दाखवा. निदानाच्या कमांडचा निकाल इथेही उपयोगी पडतो. तो नसेल तर मी पुढे वाचत नाही, आणि हा नियम योगदानाचे नियम सांगणाऱ्या कॉन्ट्रिब्यूटिंग फाइलमध्ये सगळ्यात वर लिहिलेला आहे, म्हणजे कुणाला अपमान वाटायला नको.

बक्षिसाच्या आशेने आलेल्या गर्दीतून माणसं मिळत नाहीत, हेही सांगतो. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ठरावीक पुल रिक्वेस्ट पाठवल्या की बक्षीस देणाऱ्या ऑक्टोबरच्या उपक्रमात, टी-शर्टसाठी रीडमीत एखादा शब्द घालून पाठवलेल्या पुल रिक्वेस्टचा पूर आला होता. शेवटी आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला, तेवढेच सहभागी. तुमच्याकडे येणाऱ्या स्पेलिंगच्या पुल रिक्वेस्टचं मूळही कदाचित अशाच कुठल्या तरी मोजणीत असेल. त्या मर्ज करा, आभार माना, पण त्यांतून सहकारी मिळेल असं धरून बसू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मदतीला माणूस मिळाला की एकट्या मेंटेनरला इतका सुटल्यासारखा श्वास येतो की तो सगळ्या किल्ल्या एकदम देऊन टाकतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळायच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) सापडलं. ते घालणाऱ्याने दोन वर्षांहून जास्त काळ चांगले पॅच देऊन विश्वास कमावला होता, आणि दरम्यान दुसऱ्याच काही खात्यांवरून थकलेल्या मेंटेनरला ‘काम होत नसेल तर दुसऱ्याला द्या’ असं सारखं सुनावलं जात होतं. एका डेव्हलपरला एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिन अर्ध्या सेकंदाने हळू झालेलं खटकलं आणि त्याने खोदून पाहिलं, म्हणून ते उघडकीला आलं.

ही गोष्ट तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. त्या मेंटेनरबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे. सांगायचं एवढंच की अधिकार टप्प्याटप्प्याने द्या. आधी फक्त इश्यू लावण्याचे. गिटहबवर त्यासाठी ‘ट्रायाज’ नावाची भूमिका आहे, तिच्यात कोडला हात लावता येत नाही. पण वैयक्तिक खात्यावरच्या रेपोला (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याला) ती मिळत नाही, त्यासाठी रेपो ऑर्गनायझेशन या गटाच्या खात्याखाली हलवावा लागतो. ते मोफत होतं, आणि जुने दुवे नव्या जागी आपोआप वळतात. मग रिव्ह्यू, मग मर्ज, आणि रिलीज काढायच्या किल्ल्या सगळ्यात शेवटी. कुणी घाई करत असेल तर तेवढ्यासाठीच थोडं थांबा.

तुमच्या भीतीवर उपाय कोडमध्येही आहे. साधन मुळात फक्त ‘काय करणार’ ते दाखवणारं असू द्या, खरंच हलवायचं असेल तर वेगळा पर्याय द्यावा लागेल असं. प्रत्येक हलवणं एका नोंदवहीत लिहा आणि ती उलटी चालवून सगळं पूर्ववत करता येऊ द्या. सीआयमध्ये लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हींवर टेस्ट चालू द्या. विंडोजवर आणि बहुतेक मॅकवर फाइलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षर एकच धरलं जातं, त्यामुळे दोन वेगळे फोटो एकाच नावावर आदळू शकतात. विंडोजचा ‘अडकतं’वाला इश्यू २६० अक्षरांच्या पाथ-मर्यादेचा (फोल्डरांसकट फाइलच्या पूर्ण नावाच्या लांबीचा) निघाला तर मला नवल वाटणार नाही. हे सगळं जागेवर असलं की अनोळखी माणसाचा पॅच वाचताना हात थरथरत नाही, आणि रिव्ह्यूही लवकर होतो.

चेहरे ओळखा, क्लाउडवर चढवा वगैरे मागण्यांसाठी रीडमीत ‘हे साधन काय करणार नाही’ असा परिच्छेद लिहा आणि त्याचा दुवा देऊन बंद करा. एसक्यूलाइट या डेटाबेसचा कोड सगळ्यांना खुला आहे, पण बाहेरचे पॅच ते सहसा घेत नाहीत, आणि तसं स्पष्ट लिहून ठेवतात. प्रकल्पाला आपली हद्द ठरवायचा हक्क असतो.

---

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. निदानाची कमांड लिहून झाली, जीपीएस आणि सीरियल नंबर गाळून. ‘तारीख चुकते’चे इश्यू पुन्हा वाचले तर उंबरठा यांनी सांगितलेली कारणं खरंच वेगळी पडली. सगळ्यात जास्त व्हिडिओचे निघाले, आणि मी इतके दिवस फोटोंच्या कोडमध्ये शोधत होतो. विंडोजचा इश्यूही पाथच्या लांबीचाच आहे. बॉट फक्त ‘माहिती हवी’ लेबलापुरता लावणार.

नावंही काढली. त्यातल्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचे फोटो आहेत. प्रत्येक रिलीज त्या सगळ्यांवर चालवून पाहतात आणि काय बिघडलं ते तपशिलात लिहितात. त्यांना मी विचारलं तर म्हणाल्या, ‘मला प्रोग्रॅमिंग येत नाही, मी काय मदत करणार?’ त्यांना काय उत्तर देऊ? आणि खूप जुने इश्यू, ज्यांची व्हर्जन्स आता कुणी वापरतही नसेल, ते एकेक वाचायलाच हवेत का?

---

उंबरठा

त्या बाई तुमच्या प्रकल्पातलं सगळ्यात अवघड काम आधीच करताहेत, हे त्यांना याच शब्दांत सांगा. मलाही कुणीतरी असंच सांगितलं होतं, म्हणून मी टिकले.

मग काम द्या. ट्रायाजचे अधिकार द्यायचे तर पहिला मान त्यांचा. नवीन रिपोर्ट आला की तो आपल्या संग्रहावर घडतो का, एवढं त्यांनी पाहायचं आणि ‘पडताळलं’ असं लेबल लावायचं. जँगो या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कच्या प्रकल्पात कित्येक वर्षं हीच पद्धत आहे: तिकीट खरं आहे की नाही हे कुणीही तपासून मान्य करू शकतं, फक्त स्वतःचं तिकीट स्वतः मान्य करायचं नाही. कोड लिहिता यायलाच हवा अशी अट त्यात नाही.

दुसरं म्हणजे रिलीजआधीची तयार बायनरी (थेट चालवता येणारी फाइल) त्यांच्याकडे दोन दिवस आधी जाऊ द्या. एखादी गोष्ट कुठल्या व्हर्जनपासून बिघडली हे शोधायलाही त्या शिकतील. अर्धं अर्धं करत जायचं, हजार बदलांतून दोषी बदल दहा-एक पायऱ्यांत सापडतो. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनाची बायसेक्ट कमांड हेच करते, आणि त्यांना रोजच्या बिल्ड तयार मिळाल्या तर कमांडचीही गरज नाही. पुढे एखादा डेव्हलपर आला तर तो त्या एका कमिटपासून सुरुवात करेल. लिनक्स कर्नलमध्ये बग कळवणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव कमिटच्या संदेशातच वेगळ्या ओळींवर लिहितात. तुम्हीही लिहा, आणि रिलीज नोट्समध्येही. कोडच्या लेखकाइतक्याच ठळकपणे.

जुन्या इश्यूंचं: एकेक वाचायलाच हवेत, पण तुम्हीच वाचायला हवेत असं नाही, आणि क्रमानेही नको. ‘डिलीट’, ‘गायब’, ‘रिकामी’, ‘ओव्हरराइट’ असे शब्द शोधून निघतील ते आधी वाचा, त्यात फाइल जाण्याचा बग दडलेला असू शकतो. ते झाल्यावर व्हिडिओचे, मग पाथचे, असे गटाने घ्या. एकदा व्हिडिओचा कोड डोक्यात बसला की त्यातले वीस एका बैठकीत निकालात निघतात. ज्याचं व्हर्जन फार जुनं आहे तिथे स्वतः एक वाक्य लिहा: ‘इतका उशीर झाला, तरी विचारतोय, नव्या व्हर्जनवर हे अजून होतं का?’ आणि ‘माहिती हवी’ लावा. त्यातलेही काही जण परत येतील, आणि तेही तुमच्या यादीत घाला.

त्या बाईंच्या नमुना फाइली रेपोत घेण्याआधी मात्र एक करा. फोटो त्यांनी काढलेले आहेत की आणखी कुणी, हे विचारा, आणि फाइली सीसी० (सगळे हक्क सोडून देणारं लायसन्स) खाली द्यायला त्या तयार आहेत का हे लेखी घ्या. तुमचं एमआयटी लायसन्स कोडसाठी आहे, दुसऱ्याचा फोटो त्याखाली आपोआप येत नाही. फाइल एकदा गिटच्या इतिहासात गेली की मागाहून काढायला अख्खा इतिहास नव्याने लिहावा लागतो, आणि ज्यांनी ज्यांनी फोर्क केलाय त्यांच्या प्रतींत ती तशीच राहते.